गोळी, मेंदू आणि शेजारी बसलेलं माणूस

गेल्या वर्षी श्रावणात दाजींनी मला वर्तमानपत्राचं एक कात्रण दाखवलं. विशिष्ट अळंबीतल्या द्रव्याने जुनाट नैराश्य एकाच डोसात उतरतं, अशा अर्थाची ती बातमी होती. दाजी निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यभर गणित शिकवलं, त्यामुळे वाक्यात फापटपसारा नाही. म्हणाले, "तुम्ही औषधांच्या धंद्यात होतात. हे खरं आहे का, तेवढं सांगा. खरं असेल तर मिळतं कुठे, तेही सांगा."

दाजींना अकरा वर्षांपासून नैराश्याचा आजार आहे. तीन औषधं बदलून झाली, एकदा शॉकचे उपचार झाले. मधली काही वर्षं बरी गेली, मग पुन्हा तेच. अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, रोज रात्री पाकिटातली गोळी त्यांच्या हातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. अशा माणसाला 'बघू', 'वाचून सांगतो' असली टोलवाटोलवी करता येत नाही. मी वाचायला बसलो आणि वर्षभर वाचतच राहिलो. त्या वाचनातून जे हाती लागलं ते इथे मांडतो आहे.

आधी माझ्याबद्दल एक कबुली. मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञही नाही. रसायनशास्त्राची पदवी घेतली आणि तेवीस वर्षं एका औषध कंपनीची बॅग घेऊन सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात एमआर म्हणून फिरलो. त्या बॅगेत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं एक रंगीत पुस्तक असायचं. पहिल्या पानावर दोन चेतापेशी, त्यांच्यामधली फट आणि त्या फटीत चार-पाचच ठिपके. ठिपके म्हणजे सेरोटोनिन. शेजारी खाली मान घातलेला माणूस. पान उलटलं की आमची गोळी, फटीत ठिपक्यांची गर्दी आणि तोच माणूस नातवंडाला खांद्यावर घेऊन हसतोय. डॉक्टरांच्या दारात दीड तास थांबून मिळणाऱ्या वीस सेकंदांत मी हे चित्र हजारो वेळा दाखवलं. त्या गोळीचं नाव एसिटालोप्राम. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

दाजींना त्यांच्या डॉक्टरांनी हेच समजावलं होतं: मेंदूत सेरोटोनिन कमी पडतंय, गोळीने भरून निघेल. २०२२ साली लंडनच्या जोॲना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचं उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं. नैराश्य असलेल्यांच्या मेंदूत सेरोटोनिन कमी असतं, याला सातत्याने टिकणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. यावरून 'गोळ्या फुकट' असा निष्कर्ष काढणारे चूक करतात. या गोळ्यांनी अनेकांना उतार पडतो, तो का पडतो हा प्रश्न वेगळा. डोकं दुखायचं थांबलं म्हणून अंगात क्रोसिन कमी होती असं आपण म्हणत नाही. पण माझ्या चित्रातला हिशेब फार सोपा होता, एवढं मात्र खरं. आणि तो मी विकला होता.

*

मुळात सेरोटोनिन मनाच्या गोष्टीत आलं कुठून? हे शोधताना मी चकित झालो, कारण वाट स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पोचते आणि तिची एक शाखा मुंबईच्या केईएम रुग्णालयातून जाते.

ऱ्हाईन नदीकाठच्या या शहरात सँडोझ आणि सिबा अशा दोन मोठ्या औषध कंपन्या होत्या. सँडोझमध्ये आल्बर्ट हॉफमन नावाचे रसायनशास्त्रज्ञ अर्गट या बुरशीवर काम करत. ही बुरशी राय नावाच्या धान्याच्या कणसावर वाढते. रक्ताभिसरणाला उपयोगी पडेल असं काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी तिच्यातल्या आम्लापासून एकामागून एक संयुगं बनवली. १९३८ सालच्या नोव्हेंबरात बनलेलं पंचविसावं संयुग प्राण्यांवर तपासून बाजूला ठेवलं गेलं. पाच वर्षांनी, एप्रिल १९४३ मध्ये, त्यांनी ते पुन्हा बनवलं. तेव्हा त्याचा अंश चुकून अंगात गेला असावा, कारण डोक्यात विचित्र चित्रं फिरू लागली. १९ एप्रिलला त्यांनी मुद्दाम पाव मिलिग्रॅम घेतलं. परिणाम जेमतेम जाणवेल अशी ती किमान मात्रा, असा त्यांचा अंदाज होता. युद्धामुळे मोटारींवर बंधनं होती, तेव्हा प्रयोगशाळेतल्या मदतनिसाला बरोबर घेऊन ते सायकलवरून घरी निघाले. घरी पोचल्यावर शेजारीण राक्षसीण दिसू लागली, आपण मेलो किंवा वेडे झालो असं त्यांना वाटलं. डॉक्टर आले. त्यांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीच सापडलं नाही. सकाळी हॉफमन ताजेतवाने उठले. हे एलएसडी.

मिलिग्रॅमच्या चौथ्या हिश्शाने माणसाचं सगळं जग उलटंपालटं होतं, याचा अर्थ मेंदूत त्याच आकाराचं कुलूप आधीपासून असलं पाहिजे. १९५३ मध्ये बेटी ट्वारॉग आणि अर्विन पेज यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचं दाखवून दिलं. तोवर ते रक्त आणि आतडी यांच्यापुरतं मानलं जाई. त्याच सुमारास एडिंबरात जॉन गॅडम यांना दिसलं की स्नायूंवरचं सेरोटोनिनचं काम एलएसडी अडवतं. दोघांची रेणूरचना शेजारी ठेवली की साम्य दिसतं. लगेच १९५४ मध्ये वुली आणि शॉ यांनी मांडलं की मनाचे आजार सेरोटोनिनच्या बिघाडाने होत असावेत.

आता दुसरी शाखा. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार दिली जाई. केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला आणि जगाचं लक्ष वेधलं. तीन वर्षांत बाझलच्याच सिबा कंपनीने त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की रेसर्पिनमुळे शरीरातले सेरोटोनिनचे साठे रिकामे होतात. रेसर्पिन घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असंही डॉक्टर सांगत होते. झालं! एक औषध सेरोटोनिनचा आकार घेऊन जग उलथवतं, दुसरं सेरोटोनिन उपसून मन उदास करतं. (रेसर्पिन आणि नैराश्य यांच्या नात्याबद्दल पुढे शंका घेतल्या गेल्या, पण तोवर कल्पना रुजली होती.) माझ्या बॅगेतलं ठिपक्यांचं चित्र या दोन बाटल्यांचं नातवंड. त्यातली एक बाटली आज मराठी वर्तमानपत्रांत फक्त गुन्हेगारीच्या पानावर, बहुधा गोव्याच्या किनाऱ्यावरून आलेल्या बातमीत भेटते.

*

अळंबीची गोष्ट मेक्सिकोतली. ओआहाका प्रांतातल्या वाउत्ला दे हिमेनेझ या डोंगरी गावात मारिया सबिना नावाची माझातेक जमातीची वैदू बाई राहत असे. लिहिता-वाचता न येणारी, गरीब. तिच्याकडे आजारी माणूस यायचा, रात्री अंधारात दोघं अळंबी खायची आणि मारिया सबिना पहाटेपर्यंत गात राहायची. अळंब्यांना ती पवित्र लेकरं म्हणे. १९५५ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कचे एक बँकर, गॉर्डन वॉसन, तिच्यापर्यंत पोचले. अळंब्यांचा अभ्यास हा त्यांचा छंद. त्या रात्रीबद्दल त्यांनी १९५७ मध्ये लाइफ साप्ताहिकात सचित्र लेख लिहिला. बाईचं नाव बदललं होतं, पण लोकांनी गाव हुडकून काढलंच. झुंडी आल्या, पोलीस आले. गावकरी तिच्यावर उलटले, तिचं घर जाळलं गेलं. परके लोक आल्यापासून लेकरांची शक्ती गेली, असं तिने पुढे सांगितलं. १९८५ मध्ये ती वारली, गरीबच.

त्या अळंब्यांतून १९५८ मध्ये सिलोसायबिन हे द्रव्य वेगळं काढणारा माणूस पुन्हा हॉफमनच. १९६२ मध्ये ते कारखान्यात बनलेल्या सिलोसायबिनच्या गोळ्या घेऊन मारिया सबिनाकडे गेले. रात्रीचा विधी झाला. गोळ्यांत आणि अळंबीत फरक नाही, असा निर्वाळा तिने दिला आणि आता अळंबी नसलेल्या महिन्यांतही काम करता येईल म्हणून आभार मानले. गोळीचं श्रेय सगळ्यांनी लिहून ठेवलं आहे. त्या रात्रीही ती गात होती आणि आजाऱ्याजवळ बसून होती, याचं महत्त्व मात्र कुणी मोजलं नाही. मला हा प्रसंग या सबंध विषयाची किल्ली वाटतो.

इथे कुणी वाचक 'मग आपला सोम?' असं विचारील. ऋग्वेदातला सोम म्हणजे लाल टोपीची, पांढऱ्या ठिपक्यांची अळंबी, असा सिद्धांत याच वॉसन यांनी १९६८ मध्ये मांडला. मला तो पटत नाही. विद्वानांतही तो सर्वमान्य नाही, सोमाच्या जागी इफेड्रासारख्या वनस्पती सुचवणारेही आहेत. शिवाय ती लाल अळंबी मेंदूतल्या वेगळ्याच यंत्रणेवर काम करते, सेरोटोनिनच्या नव्हे. तेव्हा अभिमानाचा हा फाटा इथेच सोडू.

*

सिलोसायबिन पोटात गेलं की शरीर त्याचा फॉस्फेटचा तुकडा काढून टाकतं आणि उरतं ते सिलोसिन. ते सेरोटोनिनच्या अनेक ग्राहकांपैकी 'टू-ए' नावाच्या ग्राहकावर जाऊन बसतं. ग्राहक म्हणजे चेतापेशीच्या अंगावरचं, ठरावीक रेणू ओळखणारं प्रथिन. झुरिकच्या फ्रांत्स फोलेनवायडर यांनी १९९८ मध्ये साधा पण चोख प्रयोग केला. स्वयंसेवकांना आधी हा ग्राहक बंद करणारं औषध दिलं, मग सिलोसायबिन. ना रंग दिसले, ना भास झाले. म्हणजे दरवाजा हाच.

पण मग एक कोडं उरतं. सेरोटोनिन स्वतः दिवसभर याच ग्राहकावर बसत असतं. मग आपल्याला ऑफिसात बसल्या बसल्या भिंती वितळताना का दिसत नाहीत? एक उत्तर कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या डेव्हिड ओल्सन यांच्या गटाने २०२३ मध्ये दिलं. टू-ए ग्राहक पेशीच्या अंगावर असतात तसे पेशीच्या पोटातही असतात. सेरोटोनिनला पेशीचं स्निग्ध आवरण सहजी ओलांडता येत नाही, सिलोसिनसारख्या रेणूंना येतं. आत जाऊन ते जे ग्राहक चालू करतात, त्यांतून चेतापेशीच्या फांद्या वाढण्याचा संदेश निघतो. फांद्या वाढतात हे आधीच दिसलं होतं: येल विद्यापीठात २०२१ मध्ये उंदरांना एकच डोस दिल्यावर मेंदूच्या पुढच्या भागातल्या चेतापेशींवरचे जोडकाटे संख्येने आणि आकाराने सुमारे दहा टक्के वाढले आणि त्यांतले बरेच महिनाभर टिकले. औषध काही तासांत अंगाबाहेर, खूण मात्र महिनाभर. रोज घ्यायच्या गोळीच्या हिशेबात न बसणारी ही गोष्ट.

फांद्या वाढल्या म्हणजे नैराश्य गेलं का? तसं म्हणणं म्हणजे ठिपक्यांच्या चित्राऐवजी फांद्यांचं चित्र बॅगेत घालणं. नवी जोडणी चांगल्या सवयीची होऊ शकते, तशी भीतीचीही.

सबंध मेंदूच्या पातळीवर काय होतं, हे त्याहून रंजक आहे. २००१ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस रेकल यांनी दाखवलं की आपण काही न करता बसलो असताना मेंदूचे काही भाग मिळून कामाला लागतात. मागच्या आठवणी, उद्याची काळजी, लोक मला काय म्हणतील, असं 'मी'भोवती फिरणारं दळण तिथे दळलं जातं. नैराश्यात हे जातं थांबत नाही. २०१२ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातल्या रॉबिन कारहार्ट-हॅरिस आणि डेव्हिड नट यांनी स्वयंसेवकांना शिरेतून सिलोसायबिन देऊन मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. मेंदू पेटून उठलेला दिसेल अशी अपेक्षा होती. दिसलं उलट: या जात्याच्या खुंट्याजवळच रक्तप्रवाह कमी झाला होता.

२०२४ मध्ये त्याच वॉशिंग्टन विद्यापीठाने सात जणांच्या मेंदूच्या प्रतिमा डोसाच्या आधी, चालू असताना आणि नंतर पुन्हा पुन्हा घेतल्या. एरवी एका तालात चालणारे भाग सिलोसायबिनखाली बेताल झाले, सर्वांत जास्त त्या 'मी'च्या जाळ्यात. हे जाळं आणि स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस यांच्यातला धागा पुढे काही आठवडे सैल राहिला. सातच माणसं, तीही निरोगी, हे विसरू नये. पण त्यातली एक नोंद मला फार मोलाची वाटते. औषधाचा अंमल असताना त्या माणसांना साधंसं काम दिलं, समोरची वस्तू आणि ऐकू आलेला शब्द जुळतात का ते सांगा, की ती बेतालता कमी होई. बाहेरून कुणीतरी हाक मारली की मेंदू थोडा जमिनीवर येतो.

कारहार्ट-हॅरिस आणि कार्ल फ्रिस्टन यांची मांडणी (२०१९) समजायला आपल्याला वेदान्तातला दोरीचा साप पुरेसा आहे. मेंदू जे आहे ते जसंच्या तसं पाहत नाही. तो आधी अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून आलेल्या खबरीने तो तपासतो. अंधारात अंदाज भारी पडतो म्हणून दोरीचा साप होतो. नैराश्यात एकच अंदाज दगडासारखा घट्ट बसतो. दाजींच्या निरोप समारंभात तीस-तीस वर्षांपूर्वीचे विद्यार्थी लांबून आले होते, एक जण बोलताना रडला. घरी आल्यावर दाजी अक्काला म्हणाले, "बिचाऱ्यांना यावं लागलं." खबर आली होती, अंदाजाने ती आत येऊ दिली नाही. सायकेडेलिक द्रव्यं या वरून दाबणाऱ्या अंदाजांची पकड काही तास ढिली करतात, खालून येणाऱ्या खबरीला वाट मिळते, असं ही मांडणी सांगते. ती सुबक आहे, आणि मला तिची भीती तिच्या सुबकपणाचीच वाटते. शिवाय पकड ढिली झाली की दोरी दिसेलच असं नाही, नवा सापही दिसू शकतो. म्हणूनच स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार स्वतःला वा जवळच्या रक्ताच्या नात्यात असलेल्यांना या चाचण्यांत सहसा घेत नाहीत.

*

आता चाचण्या, कारण दाजींचा खरा प्रश्न तिथे आहे.

२०१६ मध्ये इम्पिरियलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या बारा रुग्णांना सिलोसायबिनचे दोन डोस दिले. आठवड्याने आठ जणांची लक्षणं जवळजवळ गेली, तीन महिन्यांनी अशी अवस्था पाच जणांत टिकून होती. तुलनेला दुसरा गट नव्हता. त्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रोलंड ग्रिफिथ्स यांनी जिवावरच्या कर्करोगाने धास्तावलेल्या ५१ रुग्णांवर काम केलं. सहा महिन्यांनंतरही सुमारे ८० टक्के रुग्णांची चिंता आणि खिन्नता लक्षणीय उतरलेली होती. दाजींच्या कात्रणातला उत्साह इथून आलेला.

मग २०२१ मध्ये इम्पिरियलने सिलोसायबिनला एका प्रचलित गोळीसमोर उभं केलं. ती गोळी म्हणजे एसिटालोप्राम. माझी. ५९ रुग्ण, सहा आठवडे. ज्या मोजपट्टीवर निकाल लावायचं आधी ठरलं होतं, तिच्यावर दोघांत संख्याशास्त्रीय फरक निघाला नाही. इतर मोजपट्ट्यांवर सिलोसायबिन पुढे दिसलं, पण त्या दुय्यम होत्या, त्यावर निकाल लावता येत नाही. हा निबंध वाचताना मला जुन्या कंपनीचा जळका अभिमान वाटला हे लपवत नाही.

२०२२ मध्ये दहा देशांतल्या २३३ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. २५, १० किंवा १ मिलिग्रॅमचा एकच डोस. तीन आठवड्यांनी २५ मिलिग्रॅमवाल्यांतल्या ३७ टक्क्यांना चांगला उतार होता, १ मिलिग्रॅमवाल्यांत १८ टक्क्यांना. बारा आठवड्यांपर्यंत तो टिकलेले अनुक्रमे २० आणि १० टक्के. साठ गुणांच्या मोजपट्टीवर दोन टोकांच्या डोसांत ६.६ गुणांचं अंतर होतं. २०२५ च्या जूनमध्ये पुढच्या टप्प्याचा, २५८ रुग्णांचा पहिला आकडा आला: सहा आठवड्यांनी खोट्या गोळीपेक्षा ३.६ गुण. कालावधी वेगळा, तेव्हा तुलना जपून करावी. पण चाचणी मोठी आणि काटेकोर होत गेली तसा चमत्काराचा आकार लहान होत गेला, हे चार आकडे एकाखाली एक लिहिल्यावर दाजींनाही दिसलं. २०२२ च्या चाचणीत डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांबरोबर काही रुग्णांत आत्महत्येचे विचार किंवा स्वतःला इजा करणंही नोंदलं गेलं, सर्व डोसांच्या गटांत. बातमीत ते नव्हतं.

आणि या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एक अडचण आहे. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि खोटी कुणाला, हे रुग्णालाही कळता कामा नये. इथे तासाभरात छताला नक्षी फुटली की कळतंच! ज्याला कळलं त्याची आशा पालवते, ज्याला खोटी मिळाल्याचं कळलं तो वर्षानुवर्षांच्या आजारात आणखी एकदा निराश होतो. मोजलेल्या फरकात औषध किती आणि आशा-निराशा किती, हे वेगळं कसं काढायचं?

स्टॅनफर्डमध्ये याची एक भन्नाट युक्ती केली गेली, केटामाइनबाबत. केटामाइन हे भूल देण्याचं जुनं औषध, सायकेडेलिक कुळातलं नव्हे, पण नैराश्यावर झटपट काम करतं म्हणून गाजलेलं. नैराश्य असलेल्या आणि दुसऱ्याच कारणाने शस्त्रक्रिया ठरलेल्या चाळीस जणांना पूर्ण भुलीखाली असताना केटामाइन किंवा नुसतं सलाइन दिलं. अनुभव कुणालाच आला नाही, त्यामुळे ओळखण्याची सोय नाही. २०२३ मध्ये निकाल आला: दोन्ही गटांतलं नैराश्य जवळपास सारखंच उतरलं, आणि बऱ्यापैकी उतरलं. आपल्याला केटामाइनच मिळालं असं ज्यांना वाटत होतं, त्यांना जास्त बरं वाटलं, मग खरं काय मिळालं ते काहीही असो. दाजींना हे सांगितलं तेव्हा बऱ्याच महिन्यांनी ते मोठ्याने हसले. म्हणाले, "म्हणजे सलाइनवाल्यांचाही पेपर बरोबर आला."

एमआरच्या नोकरीत आम्ही प्लासिबोला शिवीसारखं वापरायचो. आता वाटतं, त्या चाळीस जणांना कुणीतरी भेटलं, तासन्तास प्रश्न विचारले, शस्त्रक्रियेनंतर पुन्हा येऊन विचारपूस केली. यातलं काय 'काहीच नाही' होतं?

सिलोसायबिनच्या चाचण्यांत हा भाग फार मोठा असतो. डोसाआधी अनेक तास गप्पा. डोसाच्या दिवशी सहा-आठ तास खोलीत कोच, डोळ्यांवर पट्टी, कानांत संगीत आणि शेजारी बहुधा दोन प्रशिक्षित माणसं, घाबरलात तर हात धरायला. नंतर पुन्हा बैठका. वाउत्लाच्या झोपडीतलं सगळं आहे, गाणं सोडून. पण औषधाला परवानगी देणारी खाती रेणूला परवानगी देतात, हात धरण्याला देत नाहीत. आणि तो हात नेहमी चांगल्याचाच असतो असंही नाही. आघातानंतरच्या मानसिक त्रासावर एमडीएमए देण्याचा प्रस्ताव अमेरिकेच्या एफडीएने ऑगस्ट २०२४ मध्ये परत पाठवला. कोणाला काय दिलं हे रुग्ण ओळखत होते हा एक आक्षेप होता. शिवाय त्याआधीच्या एका चाचणीत अंमलाखालच्या रुग्ण स्त्रीशी उपचारकानेच गैरवर्तन केल्याचं उघड झालं होतं. अंदाजांची पकड ढिली झालेला माणूस मेणासारखा मऊ असतो. त्याच्याशेजारी कोण बसतं, हे डोसापेक्षा कमी महत्त्वाचं नाही.

ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून मोजक्या मानसोपचारतज्ज्ञांना सिलोसायबिन वापरू दिलं आहे. आपल्याकडे ते १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, बाळगणं गुन्हा. समजा उद्या कायदा बदलला, तरी आपल्या देशात लाख माणसांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञ नाही. दाजींना तालुक्याहून दोन तास प्रवास करून, दीड तास बाकावर बसून, डॉक्टरांसमोर सात मिनिटं मिळतात. मी घड्याळ लावून मोजली आहेत. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, बाहेर साठ माणसं असतात. तिथे दोन माणसांचे आठ-आठ तास कुठून आणायचे?

*

दाजींना उत्तर द्यायला मी या आषाढात गेलो. वहीत मुद्दे लिहून नेले होते. सांगितलं, बातमी खोटी नाही, फुगवलेली आहे. या द्रव्यांत काहीतरी आहे, बहुधा मोलाचं आहे, पण ते अजून औषध झालेलं नाही. इथे मिळत नाही, आणि कुणी ऑनलाइन देतो म्हणालं तर घेऊ नका. पावसात माळावर उगवलेली अळंबी तर मुळीच नको. दरवर्षी चुकीची अळंबी खाऊन माणसं मरतात आणि वासावरून किंवा रंगावरून विषारी कोणती ते कळत नाही. तुमच्या दोन गोळ्यांपैकी एक लिथियम आहे. लिथियमवर असताना ही द्रव्यं घेतलेल्यांना फिट आल्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. आणि चालू गोळी मनाने बंद करायची नाही. ती तुमच्या मेंदूतला खड्डा भरते असं मी एकेकाळी सांगत फिरलो, तो खड्डा कुणाला सापडलेला नाही. तरी तीन वर्षांपूर्वी ती बंद केली तेव्हा काय झालं, ते आपण तिघांनी पाहिलं आहे.

दाजी ऐकत होते. मग गणिताच्या मास्तरांनी नेमका आकडा उचलला. "त्या बारा आठवड्यांच्या हिशेबात," ते म्हणाले, "एक मिलिग्रॅमवाले दहा टक्के टिकले म्हणालात. त्यांना तर जवळजवळ काहीच दिलं नव्हतं."

"हो."

"मग ते कशाने टिकले?"

मी वहीत पाहिलं. याचं उत्तर निबंधात नव्हतं. कुणी काय केलं असेल, आजार आपोआप किती उतरतो, बैठकांचा वाटा किती, असं काहीबाही मी सांगत होतो. तेवढ्यात अक्का पाण्याचा तांब्या आणि पाकीट घेऊन आली. साडेनऊ वाजले होते. तिने गोळी दाजींच्या हातावर ठेवली आणि नेहमीसारखी समोर उभी राहिली. दाजींनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि खाटेवर थोडे सरकून तिला बसायला जागा केली.